कान देऊन : आठ फुटांवरून

गेल्या अंकात मी ओघात दोन ओळी लिहून गेले. ‘इंडियन ओशन’ हा माझा वीस-बावीस वर्षांचा आवडता बँड दोन हिवाळ्यांपूर्वी पुण्यातल्या एका छोट्या क्लबमध्ये, आठ फुटांवर उभी राहून ऐकला, एवढंच. त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभरात दुसऱ्या कशावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी एवढं सांगते. नाशिकला माझ्या सासऱ्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात १९९३ ते २००८ मी आधी कॅसेट आणि मग सीडी विकल्या. गाण्याबद्दल मला जे काही कळतं ते त्या काउंटरमागे उभं राहून कळलं आहे.

प्रश्न : मी सत्तावन्न वर्षांची आहे, साताऱ्यात भूगोल शिकवते. ‘कंदिसा’ची कॅसेट नवऱ्याने आणली तेव्हापासून हा बँड ऐकते, पण प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. आता मुलाने पुण्यातल्या एका क्लबची तिकिटं काढली आहेत. कार्यक्रम रात्री नऊला, बसायला खुर्च्या नाहीत, शिवाय तिथे दारू मिळते. मी साडी नेसून अशा ठिकाणी जावं का? खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. ज्यांच्या आवाजासाठी मी हे ऐकत आले ते असीम चक्रवर्ती आता नाहीत. गिटार वाजवणारेही बदलले. मग मी नेमकं कोणाला ऐकायला जाऊ? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, साडी नेसूनच जा. मीही साडीतच होते. दारावरच्या मुलाने मनगटाला कागदी पट्टा बांधला आणि म्हणाला, “आंटी, लवकर आत जा, आत्ता पुढे जागा आहे.” पुढे कोणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. अशा जागी लोक एकमेकांना बघायला येत नाहीत, निदान या बँडला तरी नाही.

आधी व्यवहाराचं बोलते. नऊ म्हणजे पावणेदहा धरा. जेवून जा, कारण आत मिळतं ते महाग असतं आणि हातात ताटली असली की टाळी वाजवता येत नाही. मुलाला सांगा, तिकिटाशिवाय वेगळं कव्हर चार्ज आहे का, ते आधी फोन करून विचार. काही ठिकाणी ते पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, काही ठिकाणी होत नाहीत. पायात जुन्या, सवयीच्या चपला घाला. दोन तास उभं राहायचं आहे. तुम्ही वर्गात रोज पाच तास उभ्या राहता, तेव्हा त्याची मला काळजी वाटत नाही. मुक्काम पुण्यातच ठेवा. कार्यक्रम संपल्यावर गाडी धरायची घाई असली की शेवटची दोन गाणी घड्याळात जातात.

आता तुमचा खरा प्रश्न. तो माझाही होता, आणि त्यापायी मी बरीच वर्षं वाया घालवली.

२००० साली ‘कंदिसा’ निघाली तेव्हा सेल्समनने माझ्याकडे पाच कॅसेट टाकल्या. कुठल्या खणात ठेवायच्या तेच कळेना. हिंदी पॉप नाही, शास्त्रीय नाही, गझल नाही, भजन तर नाहीच. दुपारी दुकान रिकामं असायचं, तेव्हा एक फोडून डेकवर लावली. तबला वाजत होता आणि ड्रमही वाजत होते, आणि दोघांना एकमेकांची अडचण होत नव्हती. मग तो आवाज आला. जाड, थोडा खरखरीत, घशातून नव्हे तर पाठीच्या कण्यातून आल्यासारखा. सासरे मागे रेडिओला डाग देत होते. त्यांनी सोल्डर बाजूला ठेवलं आणि विचारलं, “हा कोण?” खोक्यावरचं नाव वाचून मी सांगितलं, असीम चक्रवर्ती. “आणि तबला कोण वाजवतोय?” पुन्हा वाचलं. तोच.

या बँडची सगळी मौज मला तिथे दिसत आली आहे. तबला वाजवणारा आणि गाणारा माणूस एकच होता. गाणाऱ्याने पुढची ओळ कुठे उचलायची आणि तबलजीने सम कुठे दाखवायची, हे दोन माणसांत ठरवावं लागत नव्हतं. ते एकाच अंगात ठरत होतं. १९९०मध्ये दिल्लीत त्यांनी आणि गिटारवाल्या सुस्मित सेनांनी मिळून हा बँड सुरू केला. पुढे बास गिटारवर राहुल राम आले आणि १९९४मध्ये ड्रमवर अमित किलम. या चौघांचं म्हणून जे काही होतं, ते आपण कॅसेटवर ऐकलं.

त्याच कॅसेटवर ‘माँ रेवा’ आहे. रेवा म्हणजे नर्मदा. माझं आजोळ शहाद्याचं. लहानपणी मावशीबरोबर नर्मदेच्या काठाला गेलेली मी. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या नंदुरबारकडची तेहेतीस गावं गेली किंवा बाधित झाली, त्यात मणिबेली पहिलं. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते म्हणून होते आणि हे गाणं त्यांनी त्या खोऱ्यातूनच आणलं. दुकानात ते लागलं की धडगावकडून नाशिकला कामाला आलेली माणसं पायरीशी थांबायची. विकत घेण्याची ऐपत नसायची, पण थांबायची. मी आवाज वाढवायची.

२५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती गेले. माझं दुकान आदल्याच वर्षी बंद झालं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या आवाजातलं शेवटचं काम आलं, ‘१६/३३० खजूर रोड’. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं रियाज करत, त्याचाच हा पत्ता. बँडने ती गाणी एकेक करून इंटरनेटवर फुकट दिली. मी ती ऐकली आणि ठरवलं की आता बस. २०१३मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, तेव्हा तर माझं म्हणणं पक्कंच झालं. पुण्यात, मुंबईत, अगदी नाशिकलाही कार्यक्रम झाले असतील, मी गेले नाही. नव्या माणसाच्या तोंडून ती गाणी ऐकणं म्हणजे मला भरल्या घरात कुणाचा तरी रिकामा पाट बघण्यासारखं वाटायचं.

पुण्याला गेले ती भाचीने धरून नेलं म्हणून. छोटी जागा, स्टेज गुडघ्याएवढं उंच, त्याच्या कडेला आम्ही. माझ्यापासून आठ फुटांवर तुहीन चक्रवर्ती तबला घेऊन बसले होते. हात पडला की पावडरचा बारीक धूर पिवळ्या दिव्यात वर जाताना दिसायचा. त्यांच्या पलीकडे हिमांशू जोशी गायला उभे. ताई, असीमदांच्या जागी एक माणूस आलेला नाही, दोन आले आहेत. एक तबल्याला, एक मुख्य गाण्याला, आणि तबलेवालाही मधूनच गळा मिळवतो. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेगळं. तिथे उभं राहून मला दिसलं की ते दोघं एकमेकांकडे किती बघतात. ओळ संपत आली की गाणारा मान जराशी उजवीकडे वळवायचा आणि तबलेवाल्याची नजर तिथे आधीच पोचलेली असायची. जे एका अंगात होतं ते आता दोघांच्या नजरेतून येत-जात होतं. कॅसेटवर हे दिसत नाही, आणि मैदानात दोनशे फुटांवरून तर मुळीच नाही.

कॅसेटला नाव देणारं ‘कंदिसा’ हे गाणं सुरू झालं तेव्हा पहिली ओळ मला झेपली नाही. कान जुनाच आवाज शोधत होते. मी खाली बघत राहिले. मग दोन ओळींच्या मधल्या जागेत हिमांशू जोशींनी माइकपासून तोंड बाजूला केलं आणि अगदी हळू, स्वतःपुरता, पुढचा सूर गुणगुणून पाहिला. ते स्पीकरमधून आलं नाही, थेट आलं. असं आपण देवाच्या खोलीत समई पेटवण्याआधी वात नीट करतो ना, तसं होतं ते. त्यानंतर मी मान वर केली ती खाली घातलीच नाही.

गिटारचं म्हणाल तर निखिल राव सुस्मित सेनांच्या सुरावटी पुसत नाहीत. त्या जिथे यायच्या तिथे येतात, आणि त्यांच्या शेजारी ते आपली ओळ काढतात. मला काही ठिकाणी जुनीच आवडते, हे लपवत नाही.

आणि मग ते दोघं आहेतच. राहुल राम आणि अमित किलम. केस पांढरे, लांब तसेच. १९९४ पासून एकमेकांशेजारी वाजवताहेत. एका गाण्यात अमित किलम ड्रम सोडून पुढे आले आणि त्यांनी गबगुबी काखेत धरली. बाऊलांचं वाद्य ते, आपल्या चौंडक्याचंच भावंड. खालून चामडं, त्यातून तार काढलेली, तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची. मूठ घट्ट केली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. आपल्याकडे जोगत्यांच्या हातात मी ते लहानपणापासून बघितलंय, पण ड्रमवाल्याच्या हातात ते इतकं बोलतं हे माहीत नव्हतं. शेजारी राहुल राम बास बंद करून नुसते ऐकत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तसंच होतं जसं आमच्या दुकानाच्या पायरीवर थांबणाऱ्या माणसांच्या असायचं. हे गाणं त्यांनी किती वेळा ऐकलं असेल! तरी ऐकत होते.

तर कोणाला ऐकायला जाऊ, याला माझं उत्तर असं आहे. जी माणसं ही गाणी अजून वाजवत आहेत त्यांना ऐकायला जा. असीमदा तिथे नाहीत आणि ते नाहीत हे तिथे लपवलेलंही नाही. एकच विनंती, जायच्या आधी आठवडाभर कॅसेट लावू नका. मी रोज लावली होती, त्यामुळे पहिला अर्धा तास मी समोरच्यांना ऐकतच नव्हते, ताडून बघत होते. तेवढा वेळ तुमचा वाचावा.

प्रश्न : मीही अशाच एका क्लबमध्ये पहिल्या रांगेत घुसलो. गाणाऱ्याचे शब्दच कळले नाहीत, नुसते ड्रम. वर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. जवळ उभं राहण्याचं एवढं कौतुक करता, मग हे काय? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण साधं आहे. ड्रमला माइकची फारशी गरज नसते. छोट्या खोलीत तो आपल्या ताकदीनेच तुमच्यापर्यंत येतो. गाणाऱ्याचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतो, आणि ते स्पीकर स्टेजच्या पुढे, लोकांकडे तोंड करून असतात. अगदी मध्यात, स्टेजला चिकटून उभं राहिलात तर तुम्ही त्या स्पीकरच्या मागे किंवा बाजूला पडता. मग ड्रम थेट, आणि गाणं भिंतीवर आपटून परत आलेलं.

सगळ्यात बरी जागा कुठली, तर साउंडवाल्याच्या टेबलाजवळची. तो माणूस स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं ते बसवत असतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूला बसतं. कोपरे टाळा, तिथे बासचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा, गाळ साचतो आणि छाती हलते पण सूर कळत नाही. आणि स्पीकरच्या तोंडासमोर तर कधीच नको.

मी काय केलं, तर पहिला अर्धा भाग स्टेजच्या कडेला काढला, कारण मला हात आणि चेहरे बघायचे होते. त्याची किंमत म्हणून काही शब्द गेले. मध्यंतरानंतर मागे टेबलापाशी आले आणि मग गाणं पूर्ण ऐकलं. छोट्या जागेचा हा फायदा आहे, वीस पावलांत तुम्ही बघण्याच्या जागेवरून ऐकण्याच्या जागेवर जाता.

कानातल्या शिट्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पंच्याऐंशी डेसिबलला माणूस आठ तास राहू शकतो, असा कामाच्या जागांसाठी अमेरिकेत वापरला जाणारा एक हिशेब आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. तसं करत गेलात तर शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात, आणि क्लबमध्ये शंभर सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा जागांसाठी शंभर डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली, आणि सोबत कानात घालायचे बोळेही उपलब्ध ठेवा असं सांगितलं. माझ्या पर्समध्ये ते असतात. कापूस नको, त्याने वरचे सूर जातात आणि खालचा दणका तसाच राहतो. वादकांसाठीचे सिलिकोनचे मिळतात, त्यांनी सगळंच थोडं खाली येतं आणि गाणं गाणंच राहतं. शिट्टी अजून गेली नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : ‘कंदिसा’ कुठल्या भाषेत आहे? वीस वर्षं म्हणतोय, अर्थ माहीत नाही. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सिरियाक, म्हणजे अरामाईकची एक शाखा. येशू ख्रिस्त जी भाषा बोलत त्या घराण्यातली. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या उपासनेत हे स्तोत्र फार जुन्या काळापासून आहे. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. हे देवा तू पवित्र आहेस, सामर्थ्यवान तू पवित्र आहेस, अमर तू पवित्र आहेस, आमच्यावर दया कर, असा त्याचा आशय. अरबीतला ‘कुद्दूस’ आणि हिब्रूतला ‘कादोश’ हे याच कुळातले शब्द. दुकानात एक वयस्क गिऱ्हाईक होतं, रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणणारं. ते म्हणायचे, अर्थ कळत नाही पण हे म्हणताना बसायची पद्धत बदलते, पाठ सरळ होते. अर्थ कळल्यावर तुमचीही बदलते का ते पाहा.

प्रश्न : फोनवर शूटिंग करावं की नाही? घरात रोज वाद आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : एक गाणं करा, अर्धं करा, मग फोन आत ठेवा. छोट्या जागेत तुमचा उजळलेला पडदा वादकाच्या डोळ्यांवर येतो आणि मागच्या उंचीने कमी असलेल्या बाईच्या नजरेच्या बरोबर मध्ये येतो. ती बाई मी असते. शिवाय फोनचा माइक त्या आवाजाला फाटतो, घरी आल्यावर नुसती खरखर ऐकू येते. आठवण हवी तर एक फोटो पुरे.

प्रश्न : तुमच्यासारख्या जाणत्या व्यक्तीने क्लबचं कौतुक करावं याचं वाईट वाटलं. जवळून ऐकायचं तर आपल्याकडे बैठक आहे. दिवाणखाना, तीस-चाळीस माणसं, शांतता. ग्लासांच्या आवाजात आणि गप्पांत कलावंताचा अपमान होतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : बैठकीबद्दल तुम्ही म्हणता ते मी पूर्ण मानते. तंबोरा जुळताना समोर बसणं याला तोड नाही. आणि गप्पांचंही तुमचं बरोबर आहे. त्या रात्री मागे उंच टेबलाशी सहा जण होते, बहुधा ऑफिसची पार्टी, त्यांनी संथ गाण्यातही बोलणं थांबवलं नाही. मध्यंतरानंतर मी साउंडवाल्याच्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांच्याकडे जाऊन हात जोडून सांगितलं, “थोडं ऐकू द्याल का?” त्यातला एक जण ओशाळला आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेला. सांगावं लागतं. बैठकीत सांगावं लागत नाही, हा फरक आहेच.

पण ग्लासांबद्दल एक सांगते. न्यूयॉर्कला ग्रिनिच व्हिलेजमध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचा एक क्लब आहे. १९३५चा. तळघरात, त्रिकोणी खोली, एकशे तेवीस माणसांची जागा. २५ जून १९६१ला, रविवारी, तिथे पियानोवादक बिल एव्हान्स आणि त्यांचे दोन साथीदार दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच वेळा वाजवायला बसले आणि ते ध्वनिमुद्रित झालं. त्यातून निघालेल्या रेकॉर्डी आज जॅझ ऐकणाऱ्यांच्या घरात जपून ठेवलेल्या असतात. त्यांची सीडी माझ्या दुकानात दोनदा मागवून आली. नीट ऐका, मागे ग्लास वाजताहेत, कुणी हसतंय, कुणी कुजबुजतंय. त्या माणसांना ठाऊक नव्हतं की आपण काय ऐकतोय. बास वाजवणारे स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेले, वय पंचवीस. ती तिघांची जोड पुन्हा कधी वाजली नाही. आता ते ग्लासांचे आवाज काढून टाका म्हटलं तर कोणी काढू देणार नाही. त्या दुपारची तेवढी हवा त्यात अडकली आहे.

कलावंताला लोक जवळ हवे असतात. दिवाणखाना असला तर तिथे, तळघर असलं तर तिथे. आपल्याकडे ड्रम आणि विजेची गिटार घेऊन कोणी दिवाणखान्यात बसू शकत नाही, सोसायटीवाले पोलिसांना बोलावतील. त्यांना जवळून ऐकायचं तर ही एवढीच जागा उरते, आणि अशा जागाही टिकत नाहीत. मुंबईत लोअर परळला गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ होतं, २००७मध्ये निघालं. गोल गोल बसायच्या जागा, मागच्यालाही पुढचं दिसेल अशा चढत गेलेल्या. कितीतरी बँड लोकांनी तिथे पहिल्यांदा जवळून ऐकले. २०१६मध्ये ते बंद झालं. तुमच्या पुण्यातही काही उघडल्या, काही मिटल्या. दादा, एकदा माझ्याबरोबर चला. मी बोळे आणते.

प्रश्न : तुमच्या दुकानातूनच २००१मध्ये ‘कंदिसा’ घेतली होती. सदर वाचून माळ्यावरून काढली तर टेपवर पांढरे ठिपके आहेत आणि आतली चिंधी निघून पडली आहे. टाकून देऊ का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात टाकू नका. आणि अजिबात लावूही नका. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशीच डेकमध्ये घातलीत तर ती डेकच्या हेडला लागेल आणि तिथून तुमच्या बाकीच्या सगळ्या कॅसेटना. आधी खोक्यातून काढून, कोरड्या उजेडाच्या जागी, उन्हात नव्हे, चार-पाच दिवस ठेवा. मग बघा, कॅसेटच्या कोपऱ्यांना आणि मध्ये मिळून पाच स्क्रू आहेत का. असतील तर काम सोपं. सपाट टेबलावर पांढरा कागद पसरून स्क्रू काढा, वरचं झाकण हळू उचला, रीळं जशी आहेत तशी बोटांनी धरून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या कवचात ठेवा. त्या कवचात चिंधी, म्हणजे हेडसमोर टेप दाबून धरणारा फेल्टचा तुकडा, शाबूत असला पाहिजे. तो नसला तर आवाज बसका आणि हलता येतो. त्याआधी टेपच्या कडेवरची बुरशी मऊ कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर. पाणी लावू नका. वाजवून झाल्यावर डेकचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या. एकदाच वाजवा आणि तेव्हाच संगणकावर उतरवून ठेवा.

स्क्रू नसतील, कवच चिकटवलेलं असेल, तर सुरी घालू नका, टेप कापली जाते. ती तशीच मला आणून द्या. दुकान नाही, पण सासऱ्यांचं टेबल आणि त्यांचा डेक घरी आहे, महिन्यातून दोनदा मी तो चालवते. येताना त्या कॅसेटच्या आतला कागदही आणा, मूळ छापलेला. त्या पाच कॅसेटमधली पाचवीही मी विकून बसले होते.